रनीमीडचं ओलं गवत
गोड्या मसाल्याचा वास आला की मला ऐंशीच्या दशकातली ती दुपार आठवते. आमच्याकडे विलायतेत राहायला आलेल्या आत्याला इमिग्रेशनचे अधिकारी विमानतळावरूनच परत पाठवत होते. तिनं आणलेला मसाल्याचा डबा तेवढा कुणीतरी बाहेर आणून दिला. भेटूही देईनात, तेव्हा बाबांनी गाडी जवळच्या रनीमीडच्या कुरणाकडे वळवली. "शेकडो वर्षांपूर्वी सरदारांनी राजाकडून इथंच सनद घेतली. राजालाही कायदा लागू, कोणालाही न्याय नाकारायचा नाही," ओल्या गवतात उभं राहून ते सवयीनं सांगू लागले. धाकट्या बहिणीनं विचारलं, "मग आत्या कोणीच नाही?" डोक्यावरून विमान गेलं. बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. आत्या पुन्हा कधी आली नाही. परवा माझी मुलगी शाळेतून तीच सनद शिकून आली. "ग्रेट आहे ना, आई?" म्हणाली. मी आमटी ढवळत राहिले.