माळवदावरचे डोळे

ये बाई, कागदावर का होईना, पण जवळ सरकून बस. पुण्याला गेल्यापासून दोन दिवाळ्या कोरड्या घालवल्यास. चुलतीनं रागवायचं नाही तर कुणी? बाप ठाऊक आहे म्हणतेस, पण अर्धाच. उरलेला मी सांगते. तुझा बाप, म्हणजे आमचे धाकटे भावोजी, यांच्याएवढं बोलणारा माणूस सोनईपासून शेवगावापर्यंत झाला नाही आणि होणार नाही.

सत्तर-एकाहत्तरचा काळ. यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरला की कर्ण्यावर भावोजीच. पैलवानाचं नुसतं नाव पुकारणं म्हणजे त्यांना त्याचा अपमान वाटायचा. बाप, आजा, वस्ताद, मामाचं गाव, दारातली म्हैस, सगळं सांगायचे. आणि ते गोळा करायला आधीचे आठ दिवस सायकलवर गावोगाव हिंडायचे. एकदा तर ते एका पैलवानाच्या पणजोबापाशी पोचतात न पोचतात तोच खाली पैलवान चीतपट होऊन माती झटकत उभा! लोक ओरडले, "आरं, पडला त्यो!" तर भावोजी म्हणतात, "पडू द्या की, घराणं कुठं पडलंय?" आणि पणजोबा पुरा करूनच थांबले.

मनात मात्र एकच ध्यास. नगरच्या मोठ्या हगाम्यात माईक धरायचा. तिथले एक पंच मुद्दाम ऐकायला आले आणि तोंडावर म्हणाले, "आवाज झकास, पण वंशावळ नको. पुढच्या महिन्यात एक कुस्ती देतो. जमलं तर कायम तुम्ही, नाही तर रामराम."

भावोजी घरी आले ते ताटावर बसेनात. मग माझ्याच्यानं राहवेना. आम्ही बाया तेव्हा कुस्तीच्या फडावर जात नव्हतो ना. म्हटलं, "भावोजी, आमी वर घराच्या माळवदावर बसून कर्णा ऐकतो. म्हैस कुनाची त्ये कळतं, कुस्ती कुनी मारली त्ये मान्सं घरी आल्यावर कळतं. आमचे डोळे तुमीच की!"

त्यांनी ताट पुढं ओढलं. मग म्हणाले, "वैनी, मग पंच तुमीच."

दुसऱ्या दिवसापासून माझी पाठ अंगणाकडं, तोंड चुलीकडं, आणि अंगणात दोन बोकडांची झुंज. भावोजी तोंडाशी तांब्या धरून सांगायचे, मी भाकरी थापत ऐकायची, आणि वळून न बघता कोण जिंकलं ते सांगायचं. मी चुकले की कुस्ती पुन्हा. बोकड दमले, भावोजी दमले नाहीत. एके दिवशी बोकड कंटाळून झोपले, तर त्यांची झोपही सांगितली, कूस बदलण्यासकट! मध्येच बोकडाचा आजा निघाला की मी उलथनं तव्यावर हाणायची. टण्! तोंडातला आजा तिथंच गिळायचे बिचारे.

नगरला माझ्या मावशीचं घर मैदानाच्या मागंच. आम्ही सात-आठ बाया माळवदावर, पुढं कनात, दिसत काही नाही. कर्णा खरखरला. नाव, गाव, वस्ताद... आणि भावोजी गप्प! माझा हात उगाच तवा शोधायला लागला. पण लगेच आवाज आला, "उजवा हात मानेवर... डावा पाय मागं... पटाला हात घातला, सुटला... पुन्हा धरला... उचलला... उचलला..." मी मावशीचं मनगट असं दाबलं की दोन बांगड्या फुटल्या. "चीतपट!" खाली मैदान ओरडलं आणि त्याच क्षणाला वर माळवद. आमच्या आयुष्यात आम्ही पहिल्यांदा वेळेवर ओरडलो बघ.

त्यानंतर किती वर्षं नगरचा माईक त्यांच्याच हातात होता. पहिलं वाक्य ठरलेलं, "माळवदावरच्या मायबहिणींनो, बघा!"

आता घसा गेलाय. दिवसभर एस्टीच्या थांब्यासमोर ओट्यावर बसतात. गाडी आली की उतरणाऱ्या एकेकाचं पुटपुटत सांगत राहतात आणि मी आत भाकरी थापत ऐकते. तुझी पुकार तयार करून ठेवलीय त्यांनी. नाव, बाप, आजा, आईचं माहेर, दारातली म्हैससुद्धा. रोज गाडी निघून जाते आणि ती तशीच राहते. या वेळी मी तवा वाजवणार नाही. तू फक्त उतर, पोरी. लवकर ये.