बाबांचं भाषण
आज एका इंग्रज नटाच्या निधनाची बातमी पाहिली आणि वसमतच्या घरातली एक दुपार आठवली. बाहेर शिजत्या हळदीचा वास दाटला होता. गावोगावच्या नाटकांत जन्मभर म्हाताऱ्या राजाचं काम केलेल्या बाबांचा आवाज घशाच्या ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. त्यांना करमावं म्हणून मी मोबाइलवर त्या नटाचा सिनेमा लावून दिला; त्यातही तो म्हातारा राजाच होता. थोड्या वेळानं बाबांनी खुणेनं आवाज बंद करायला लावला. "काहून हो, इंग्रजी कळून न्हाई राहिली का?" आईनं विचारलं. बाबा पडद्यावरून नजर काढेनात. नट बोलू लागला की त्यांचेही ओठ हलत होते. आई त्या ओठांकडं बघत राहिली आणि एकाएकी मोठ्यानं म्हणाली, "दिवा लावा रे कुणी, लेकरांची तोंडं दिसू द्या मला!" ती कधी नाटकाला गेली नव्हती, पण घरातल्या तालमी ऐकून तिला सगळं पाठ होतं. बाबांनी तिचा हात घट्ट धरला आणि पुढचं वाक्य ओठांनीच म्हटलं. तिनं त्याला आवाज दिला. असं करत दोघांनी भाषण पुरं केलं. त्याच उन्हाळ्यात बाबा गेले. ते भाषण पुन्हा ऐकावंसं फार वाटतं, पण आईला 'म्हण' म्हणायचा धीर मला अजून होत नाही.