ताईच्या संकटांच्या यादीत मी सिंदेवाही टाकलं

दोस्तहो, आज माह्या हातून लफडं झालं.

ताई दिल्लीले पीएचडी करून राह्यली, जगाची घडी काऊन विस्कटली यावर. तिची फाईल घरच्या मोबाईलवर उघडते. त्यातल्या जगभरच्या संकटांच्या यादीत मी खाली आपलं गाव टाकलं, मोबाईलकडूनच इंग्रजी करून: "सिंदेवाही. पोरगी दोन वर्षं घरी आली नाई. आई रोज तिची सायकल पुसते."

तिनं न पाहताच फाईल तशीच तिच्या सरांकडे धाडली.

दुपारी ताईचा फोन. "बह्याडा, सर विचारत होते, सिंदेवाही कोणत्या देशात हाय?"

मी हसलो. ती हसली नाई.

"आई खरंच पुसते काय रे?"

"हवा बी भरते."

मंग ताई हळूच म्हणाली, "सुट्टी मागून पाहतो."

आईनं मले बजावलं होतं, तिले यातलं काही सांगशीन नको. हात जोडतो, आईले कोणी सांगू नका.