चार भोंग्यांचा भार

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात मुरुडला टँकरच्या रांगेला आम्ही भोंग्यांवरून सूचना द्यायचो. कपाळाला भस्म लावलेला भोंगेवाला सारखा ॲम्प्लिफायरला हात लावून बघे. एका दुपारी त्यानं चारांतल्या दोन भोंग्यांच्या तारा सोडवल्या. मी कारण विचारलं.

"चार भोंगे एकदम लई करंट वढतेत. मशीन तापून राहिलंय, जळंल. दोनावर आवाज कमी यील, पर शेवटपर्यंत यील."

त्याच दुपारी पाणी अर्ध्या रांगेतच संपलं आणि ढकलाढकली सुरू झाली. त्यानंच माझ्या हातातला माईक घेतला.

"मायबहिणींनो, दुसरं टँकर निघालंय. कळशा हायेत तिथंच ठिवा. कुणाचाबी नंबर जाणार न्हाई."

रेटारेटी थांबली. बाया आपापल्या कळशीशेजारी खाली बसल्या.