वादी-प्रतिवादींचं बाकडं

कानामागची पेन्सिल काढायची, एक डोळा मिटायचा आणि विचारायचं, "आदी हद्द सांगा." कपाट असो की दरवाजा, आमच्या मेस्त्रींचं काम या प्रश्नाशिवाय कधी सुरू झालं नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

कुवेतमध्ये, शुवैखच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये मी नकाशे काढायचो, ते लाकूड कापायचे. अबू हलीफाच्या खोलीत आमच्या खाटाही शेजारी. मध्ये त्यांनी खडूने रेघ मारून ठेवली होती. माझी चप्पल पलीकडे गेली की परत ढकलायचे.

देवगडकडे सख्ख्या भावाशी त्यांचा दावा चालू होता, हद्दीवरच्या फणसावरून. कोर्टाचा स्टे होता, फणस कुणीच तोडायचे नाहीत. "माकडां खातत," मेस्त्री सांगायचे. "तेंका स्टे लागू नाय."

यंदा जजसाहेबांनी बजावलं होतं, येत्या तारखेला दोघं हजर राहा, निकाल लावून टाकतो. मेस्त्रींनी रजा मागितली. मुदीर, म्हणजे आमचे मॅनेजर, म्हणाले, आधी अमेरिकन साहेबाचं काम संपव.

हे साहेब निवृत्त होऊन मायदेशी निघाले होते. त्यांच्या ऑफिसातली मंडळी भेट म्हणून त्यांच्या काउंटीचं लाकडी मॉडेल देणार होती. मधोमध घड्याळाच्या मनोऱ्याचं कोर्ट, भोवती टेकड्या.

"काउंटी म्हंजे तालुको?"

"साधारण."

"हद्द?"

मी नकाशा उघडला. पूर्वेला नदी, बाकी तिन्ही बाजूंना सरळ रेषा. मेस्त्री दुखावलेच. "पट्टीन मारल्यानी? ओहोळ नाय, झाड नाय. मगे भांडतत कशावरसून?"

तिथला कारभार पाच निवडून आलेली माणसं बघतात, शेरीफ निवडून येतो, जजसुद्धा, हेही मी सांगितलं. मेस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "जजाक मतां मागूची लागतत? माझो भाव थंय आसतो तर तेणा प्रचार केल्यान आसतो!"

मॉडेल वेळेत झालं. साहेबांसमोर फडकं काढलं, तर कोर्टापुढे एक झाड, खोडाला इवले फणस, खाली बाकडं आणि त्यावर दोन माणसं. मुदीर लालबुंद. "ये किसने बोला था?"

"कोर्ट इला म्हंजे बाकडा इलाच," मेस्त्री मला म्हणाले. "वादी आणि प्रतिवादी. गावासून येस्टी एकच, म्हणान बाकडा एकच."

साहेब वाकून बघत राहिले. मग हसत म्हणाले, असं बाकडं आमच्या कोर्टापुढेही आहे, तुम्हाला दिलेल्या फोटोत आलं नव्हतं. त्यांचे वडील त्यावर बसायचे. मी ते मेस्त्रींना सांगितलं.

"आसतलाच," ते म्हणाले. त्यांची रजा त्याच दिवशी मंजूर झाली.

आम्हाला वाटलं, मेस्त्री जिंकायला गेले. तारखेच्या संध्याकाळी मी फोन केला. "निकाल काय लागला?"

"तारीख पडली."

"पुन्हा?"

"आमी दोघांनीच पुढच्या तारखेसाठी अर्ज दिलो. जजसायब करवादले." मग म्हणाले, "गावात इतक्या वर्सांत एकमेकाक हाक नाय मारूक. आता लाज वाटता. बाकड्यार बसलाव की बोलणा होता. दावो संपलो तर भाव माका भेटतलो खंय?"

ते परत आलेच नाहीत. तारखा चुकतात म्हणून कुवेतची नोकरी सोडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मला त्यांची फार आठवण येते. खडूची रेघ मी अजून पुसलेली नाही.

परवा त्यांच्याकडून फोटो आला. कोर्टाबाहेरचं बाकडं, दोन म्हातारे, मध्ये वर्तमानपत्रावर पिवळेधमक गरे. खाली लिहिलं होतं, "स्टेवाल्या फणसाचे. जजाक सांगा नकात."