येळवणीची आमटी

द्वारकाबाईंच्या घरात पाणी एकदाच वापरून सुटलं, असं कधी झालं नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, अंघोळीच्या पाण्यात कपडे, कपड्यांच्या पाण्यानं फरशी. बिडकीनकडच्या गावात त्यांनी टँकरमागे धावून दुष्काळ काढले होते. शहरात, मुकुंदवाडीत बिऱ्हाड हललं तरी फार फरक पडला नाही; शहर चारी बाजूंनी फुगत गेलं, नळ मात्र आठवड्यातून एकदाच घसा खाकरायचा.

त्यांचे यजमान साहेबराव वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या किडन्या दमल्या. डॉक्टर निलोफर यांनी बजावलं, "रक्तात पोटॅशियम साठतंय, मावशी. ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. भाजी, डाळ भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी काढून टाका."

बाईंनी अगदी तसंच केलं. भाजी बारीक चिरून उकडली, निथळली, कोरडी करून नवऱ्याच्या ताटात वाढली. पण पाणी टाकायचं म्हणजे काय? पुरणाच्या डाळीचं निथळलेलं पाणी, येळवणी, कोणी टाकतं का? तिची आमटीच होते. त्यांनी भाजीच्या पाण्यालाही लसणाची फोडणी दिली, मीठ बेतानं घातलं. मिठाचं पथ्य त्यांना पाठ होतं. साहेबराव भुरके मारत म्हणाले, "लई दिवसांनी तोंडाला चव आली बघ." बाईंना धन्य वाटलं.

थोड्याच दिवसांत साहेबराव जिना चढताना मध्येच बसले. पायांत जीव नव्हता, छातीतला ठोका मधूनच चुकत होता. दवाखान्यात ईसीजीचा कागद बघून डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले. आधी शिरेतून इंजेक्शन, मग तडक डायलिसिस. द्वारकाबाई बाहेरच्या बाकावर पदर पिळत बसल्या. हा माणूस गेला तर भांडायचं कोणाशी, या विचारानं त्यांना भयंकर भीती वाटत होती.

ठोके ताळ्यावर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "भाजीचं पाणी काढता ना?"

"व्हय की. थेंब ठेवत नाय भाजीत."

"मग ते जातं कुठं?"

"आमटीत. ह्यांच्यासाठीच करते."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "मावशी, भाजीतलं पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं," एवढंच म्हणाल्या. आपल्याच हातानं, तेही फोडणी घालून, या विचारापुढे बाईंना जाववेना.

घरी आल्यावर त्यांनी बटाटे उकडले आणि पातेलं घेऊन मोरीपाशी थबकल्या. पिंपातलं पाणी तळाला गेलं होतं, नळाला अजून अवकाश होता. साहेबराव खाटेवरून बघत होते.

"एवढं पाणी कशाला सांडतीस? कर आमटी, दोन घोट घेतो."

बाईंनी पातेलं मोरीत उलटं केलं. शेवटचा थेंब निथळेपर्यंत त्यांनी ते तसंच धरलं.

"पाणी आठ दिवसानं का व्हईना, परत येतंय," त्या म्हणाल्या. "तुमी नाय यायचे."