आत्याच्या जन्माची नोंद

पुतणीच्या जात पडताळणीसाठी माझ्या आजोबांच्या काळातला एखादा कागद हवा होता. मी नुकताच रिटायर झालेला, म्हणून घरच्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. तळेगावहून आष्टीच्या तहसीलीत चार चकरा झाल्या, तेव्हा कुठे रेकॉर्ड रूमच्या बाबूने आमच्या गावचं जुनं कोतवाल बुक समोर ठेवलं. गावात कोण जन्मलं, कोण वारलं, हे कोतवाल सांगायचा आणि ते या बुकात चढायचं.

आजोबा मला आठवतात ते बाजारात बसलेले. समोर मेथीच्या जुड्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. भाव सांगताना ते गिऱ्हाइकाकडे बघायचे नाहीत, लाजल्यासारखे दुसरीकडेच बघायचे. त्या भिडस्त माणसाचं नाव बुकात तीन जन्मांच्या नोंदींत सापडलं. आधी मोठे काका झाले. मग एक मुलगा, तो अकराव्या दिवशी गेला. त्याच्याबद्दल घरात कधी कोणी बोललं नव्हतं. मग माझे बाबा.

माझं काम झालं होतं, पण उठवेना. बाबांच्या पाठची आत्या तेवढी शोधू म्हटलं. मागची पुढची पानं चाळली, आत्या नव्हती. आजीचं बाळंतपण माहेरी झालं असेल, असं मनाशी धरलं आणि रविवारी कारंजाला आत्याकडे गेलो.

आत्या ऐंशीच्या पुढची. मुलाच्या किराणा दुकानामागच्या खोलीत तुरीची डाळ निवडत बसली होती.

"आत्या, तू आजीच्या माहेरी झाली का?"

"काऊन?"

"बुकात आजोबाच्या नावाखाली तू सापडून नाई राह्यली."

तिचा हात थांबला नाही. "नाईच सापडनार. दुसऱ्याच्या नावाखाली पाह्य." आणि तिने एका माणसाचं नाव सांगितलं. मी ते कधी ऐकलंही नव्हतं.

त्या माणसाची भाजीची वाडी आमच्या वाडीला लागून होती. एकाच विहिरीवर दोघांची मोट चालायची. गावात तापाची साथ आली, त्यात त्याची बायको गेली आणि पाठोपाठ तोही. पोरगी पाच महिन्यांची.

"तुही आजी मले उचलून घिऊन आली. तुहा बाप तवा अंगावर पेत होता. एकीकडे तो, एकीकडे मी. चार वर्षांनं माहा काका न्याले आला, त तुहा आजा म्हने, आता ते पोरगी माही हाय. तेवढंच बोलला."

"बाबाले मालूम होतं?"

"लहानपणी एकदा भांडणात बोलला, तू आमची नाई म्हणून. तुहा आजा आठ दिवस त्याच्या संग बोलला नाई. मंग त्यानं जनमभर इषय काढला नाई."

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आजोबा आमच्या पितरांच्या पत्रावळींशेजारी आणखी दोन मांडायचे, ते तिच्या आईबापांसाठी, हेही तिनेच सांगितलं. मी लहानपणी त्या पत्रावळी पाहिल्या होत्या. कोणाच्या, असं विचारायचं सुचलं नव्हतं. मी तिच्या सुपातली डाळ निवडू लागलो.

मी निघताना ती म्हणाली, "माह्या मायचं नाव असन त पाह्यजो. तुही आजी तिले आर्वीवाली म्हने. नाव तिनं सांगतलं नाई, मीबी इचारलं नाई."

सोमवारी पुन्हा तहसीलीत गेलो. त्या माणसाच्या नावाखाली मुलगी झाल्याची ओळ लगेच सापडली. काही पानांनंतर त्याची बायको, कारण ताप. नऊ दिवसांनी तो स्वतः, कारण ताप. बायकोच्या नावाच्या जागी त्याचंच नाव आणि पुढे 'ची बायको'.

"हिचं नाव कुठं भेटन?" मी बाबूला विचारलं.

"बायांची नावं त्या बुकात कमीच असतात, काका," तो म्हणाला. मला वाईट वाटलं हे त्याला दिसलं असावं. त्याने जुन्या कागदांचे आणखी दोन बस्ते उघडून दाखवले. तिथेही काही नव्हतं.

पुतणीचं काम यथावकाश झालं. घरच्या वहीत मी आमची वंशावळ काढली, तिच्यात आजोबांखाली तीन नावं लिहिली: काका, बाबा, आत्या. अकरा दिवसांच्या मुलासाठी एक रेघ ओढून ठेवली.

नोंदींच्या नकला घेऊन कारंजाला गेलो. मायचं नाव नाही हे आधीच सांगून टाकलं. आत्याने मान हलवली. जन्माची ओळ मात्र तिने दोनदा वाचून घेतली.

"वार कोनता व्हता?"

मी मोबाइलवर तारीख टाकून पाहिली. "मंगळवार."

"तुह्या आजीनं त मले सोमवार सांगतला होता."

"बुकात चुकलं असन," मी म्हणालो.

"चुकू दे. माहा सोमवारच हाय," आत्या म्हणाली. कागद तिने घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आणि सुनेला माझं ताट वाढायला सांगितलं.